तांबड्या ओढ्यावरची धाव

सामन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याचा भोंगा तीनदा वाजला तेव्हा टेग्वेन प्रोथेरोच्या हातात नवऱ्याचा गुडघा होता. गुडघा म्हणजे काय, नुसता भोपळा. मोहरीचा लेप लावून ती वर फडकं गुंडाळत होती आणि इडवल दातओठ खात छताकडं बघत होता. पहिला भोंगा झाला, दोघांनी कान टवकारले. दुसरा झाला, तिचे हात थांबले. तिसरा वाजला आणि इडवलनं तिच्या मनगटाला इतकं घट्ट धरलं की पुढं आठवडाभर तिथं निळे वळ होते.

तीन भोंग्यांचा अर्थ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. वॉशिंग्टनात कोळशाच्या कायद्यावर सही झाली. अलास्कातली सरकारी जमीन कोळशासाठी उघडली. अहो, आठ वर्षं! आठ वर्षांपूर्वी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी एका सहीनं सगळी कोळशाची जमीन कुलूपबंद केली आणि तेव्हापासून आमच्या केल्प हार्बर गावाच्या चुलीत जळायचा तो कॅनडाचा कोळसा. डोंगरात हवा तेवढा पडलाय, आपण मात्र परक्या देशातून बोटीनं मागवतोय. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. स्वतःच्या परसातला एक तुकडा उचलला तरी गुन्हा.

इडवलला त्या कुलपाचा सगळ्यात जास्त चटका बसला होता. वेल्सच्या खाणीत वाढलेला माणूस, नाकानं कोळसा हुंगणारा. १९०५ साली त्यानं तांबड्या ओढ्याच्या काठी एक थर शोधला, पुरुषभर उंचीचा, अगदी चकचकीत. कागदपत्रं व्हायच्या आतच जमीन बंद झाली. दुसरा असता तर निघून गेला असता. हा राहिला. बायकोच्या हातानं थरावर शेवाळ अंथरून त्यानं तो झाकून टाकला, नेमकी जागा तिच्याशिवाय कुणाला सांगितली नाही आणि कारखान्यात मासे उपसत दरवर्षी म्हणत राहिला, पुढच्या वर्षी उघडेल.

या शरदात मात्र त्यानं हात टेकले. सिअ‍ॅटलहून एलुनेडचं, म्हणजे लेकीचं, पत्र आलं होतं: आता या, मासळीच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. शनिवारची आगबोट शेवटची, त्यानंतर एप्रिलपर्यंत आमच्या खाडीत बर्फामुळं बोट येत नाही. कायदा झाला तर राहू, नाही झाला तर शनिवारी जाऊ, असं ठरलं होतं. टेग्वेन वरून हो म्हणाली होती, पण तिला पक्कं माहीत होतं की त्या खोलीच्या खिडकीत बसवलेला इडवल वसंत बघायचा नाही. हा माणूस आजारानं मरणार नव्हता, रिकामपणानं मरणार होता.

आणि आज मंगळवारी भोंगा वाजला.

इडवल ताडकन उभा राहिला आणि तसाच खाली कोसळला. पुन्हा उठायला गेला तर टेग्वेननं त्याला खांदे धरून खुर्चीत दाबलं.

"बस खाली. सात मैल तू रांगत जाणार आहेस का?"

"खुंट नको ठोकायला? आत्ता सगळं गाव सुटेल."

"सुटू दे. मी जाते."

तो तिच्याकडं बघतच राहिला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, कमरेनं रुंद, जिना चढतानाही शिव्या घालणारी. तो म्हणाला, तीन वाकड्या झाडांच्या खाली, ओढ्यापासून... तिनं त्याला मध्येच तोडलं. त्या थरावर शेवाळ कुणी अंथरलं होतं, तिनंच ना? मग तिला रस्ता शिकवायची गरज नव्हती. कुऱ्हाड, दाराआड आठ वर्षं उभा असलेला खुंट, बेकिंग पावडरचा रिकामा डबा, कागद, पेन्सिल. एवढं घेऊन ती बाहेर पडली तेव्हा तिचं काळीज सोळा वर्षांच्या पोरीसारखं उड्या मारत होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कायद्यात नेमकं काय लिहिलंय हे कुणीही वाचलं नव्हतं. वाचायला थांबतो कोण? आमचं गाव सोन्याच्या पाठीमागं धावत आलेल्या माणसांचं. त्यांच्या रक्तात एकच रीत मुरलेली: जमीन उघडली की धावायचं, खुंट ठोकायचा, नाव लिहून डब्यात घालायचं आणि डबा खुंटाला खिळवायचा. पहिला आला त्याची जमीन. वाचत बसला तो मागं राहिला. नोम असो, डॉसन असो, सोन्याच्या सगळ्याच गावांत हेच चालत आलं होतं. कोळशाला वेगळं काही असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

रस्त्यावर तर जत्राच उसळली होती. न्हाव्याच्या खुर्चीतून एकजण अर्धी दाढी घेऊन पळाला आणि त्याच्यामागं न्हावीही पळाला, पैशासाठी नव्हे, खुंटासाठी. पाद्री ड्रमगूल यांना खुंट मिळेना म्हणून त्यांनी देवळाच्या कुंपणाचा खांब उपटला. दोघंतिघं तर सोनं धुवायच्या पराती पाठीवर बांधून निघाले होते. गुत्तेवाला गस हाव्हरकॅम्प गावातल्या एकुलत्या एक तट्टावर बसला होता, मागं खुंटांची मोळीच बांधलेली. टेग्वेनला बघून त्यानं टोपी उचलली आणि विचारलं की प्रोथेरोबाई, लाकडं तोडायला निघालात वाटतं. ती म्हणाली, हो, तुझ्या शवपेटीसाठी. एवढं बोलून ती रस्ता सोडून उजवीकडं समुद्राकडं वळली.

इडवलचा कोळसा तांबड्या ओढ्यावर कुठंतरी आहे एवढं गावाला माहीत होतं, म्हणून लोक रस्त्यानं तिकडंच निघाले, खाडीला वळसा घालून, सात मैल. सरळ खाडीतून तीनच मैल पडत. पण ओहोटीला उघडं पडणारं ते खाजण म्हणजे हिमनदीनं आणलेला पिठासारखा गाळ. चुकीच्या जागी पाय पडला तर माणूस मांडीपर्यंत रुततो आणि भरती आली की तिथंच संपतो. गावातला एकही पुरुष तिथं पाय ठेवत नसे. टेग्वेन दर वसंतात तिथं शिंपले काढायची. वाटा तिला मात्रोनानं शिकवल्या होत्या. मात्रोनाची माणसं इथं कुणाच्याही आधीपासून राहत होती, आणि ती आत्ताही कडेला टोपली घेऊन उभी होती.

कुठं एवढी घाई, असं मात्रोनानं विचारलं. टेग्वेननं धापा टाकत सांगितलं की सरकारनं आपली जमीन कोळशासाठी खुली केली.

"आपली म्हणजे कुणाची?" मात्रोनानं विचारलं.

आणि उत्तराची वाट न बघता तिनं पाण्याकडं हात केला. पाणी फिरायला तासभर होता, जास्त नाही. पांढऱ्या शिंपांच्या पट्ट्यावरून जा, मधल्या ओहोळाशी थांबू नकोस, थांबलीस की गेलीस. एवढं सांगून ती पुन्हा आपल्या कामाला लागली. टेग्वेननं झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि निघाली.

देवा रे, ती चाल! पहिला मैल बरा गेला. मग गाळ मऊ झाला आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागू लागलं. खाडीच्या पलीकडं, काठाच्या वाटेनं माणसांची रांग मुंग्यांसारखी सरकताना दिसत होती आणि सगळ्यांच्या पुढं एक ठिपका, गसचं तट्टू. ते बघून तिच्या अंगात वारं शिरलं. ती मोठ्यानं मोजू लागली, वेल्श भाषेतून, लहानपणी खाणीवर सरकत्या पट्ट्यावरच्या कोळशातून दगड वेचताना पोरी मोजत तसं. मधल्या ओहोळाशी तिचा डावा पाय घोट्याच्या वर रुतला. थांबू नकोस म्हणजे नकोस. तिनं पाय ओढला, पाय आला, बूट तिथंच राहिला. राहू दे. एक बूट, एक मोजा अशी ती पुढं धावली, आणि मागं पाहिलं तेव्हा ओहोळात पाणी चढू लागलेलं होतं. तेव्हा ती घाबरली. पण घाबरून हसायलाच लागली, एवढं थरारक तिच्या बाबतीत कित्येक वर्षांत काही घडलं नव्हतं.

तांबडा ओढा. गंजल्यासारखं पाणी दगडांवरून उतरत होतं. कोळशातून झिरपलेलं पाणी असंच तांबडं होतं, हे खाणीतली बाई जाणते. सोनंवाले त्याला घाण पाणी म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. तीन वाकडी झाडं तशीच होती. तिनं शेवाळाची गोधडी दोन्ही हातांनी ओढली, आणि आतून काळा चकचकीत थर वर आला. तिनं बोटानं कड मोडली, तळहात काळा झाला. एवढ्या वर्षांनी तो वास आला आणि ती ढसाढसा रडली. दोन मिनिटं, जास्त नाही. मग नाक पुसलं आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं खुंट ठोकला.

नाव लिहायची वेळ आली तेव्हा पेन्सिल अडली. इडवलचंच नाव लिहायला हवं होतं, आठ वर्षं त्याची. पण गावची रीत कडक होती: जो जागेवर उभा आहे त्याचंच नाव चालतं. घरी बसलेल्याचं नाव पुढचा माणूस फाडून टाकतो आणि त्याला कुणी दोष देत नाही. या एका गोष्टीवरून आमच्याकडं डोकी फुटली आहेत. तिनं ओठ चावला आणि लिहिलं: टेग्वेन प्रोथेरो. इडवलला राग आला तर येऊ दे, जमीन गेली तर परत येणार नाही, असं मनाशी म्हणत तिनं डबा खिळवला.

पाऊण तासानं गस पोचला. खुंटाशी उभ्या टेग्वेनला पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं. तट्टूही थांबलं. त्याच्यामागून सगळं गाव आलं, आणि मग जो काही गोंधळ उडाला! सोन्याच्या ओढ्यावर करतात तसंच त्यांनी केलं. तिचा खुंट म्हणजे पहिली खूण, तिथून वर एक, वर दोन, खाली एक, खाली दोन, अशी पावलं टाकत ओढ्यातच खुंट ठोकू लागले. कोळसा डोंगरात आडवा शिरतो, ओढ्याच्या वाळूत लोळत नाही, हे कुणाच्या गावी नव्हतं. पराती आणलेले तर पाण्यात उतरून धुवू लागले. वर दोनशे पावलांवर काळा कडा होता, तो पाहून गस आनंदानं ओरडला आणि त्यानं आपले सगळे खुंट तिथंच संपवले. पाद्रीबाबांचा खांब आणि न्हाव्याचा खुंट एकाच खड्ड्यात गेला म्हणून ते दोघं भांडत बसले. पाय ओले झालेल्यांनी शेकोटी पेटवली. टेग्वेन तिथं बसून आपला एक पाय वाळवत होती आणि सगळ्यांकडं बघून खुसखुसत होती.

तीन वाजता खाजणावर भरतीचं पाणी चांगलं चढलं होतं, आणि त्या पाण्यावरून एक होडी आली. वल्ही हेन्निनेन भावांच्या हातात होती. मध्ये पोत्यांवर पाय लांब करून इडवल बसलेला, आणि पुढं तारवाला ऑर्विल टीग, हातात कागदांची चळत धरून. दोघा भावांनी इडवलला उचलून काठावर आणून ठेवलं. त्यानं पहिल्यांदा डोंगराकडं पाहिलं, उघडा थर पाहिला, खुंट पाहिला, मग बायकोच्या अनवाणी पायाकडं पाहिलं. त्याचे डोळे चमकले.

ऑर्विलनं चळत उघडली. सकाळी नुसती बातमी आली होती, पुढचा मजकूर दुपारी आला, असं तो म्हणाला, आणि ऐकवायला त्याला अजिबात आनंद होत नव्हता. कायदा असा होता की कोळशाची जमीन सरकारचीच राहणार. सरकार तिचे तुकडे आखणार, बोली लावणार आणि भाडेपट्ट्यानं देणार. मोजणीलाच दोन वर्षं जातील.

"म्हणजे खुंट?" न्हाव्यानं विचारलं.

"खुंटाचा एक शब्दही नाही," ऑर्विल म्हणाला. "खुंट ठोकून कोळसा कुणाचा होत नाही. शेकोटीत घाला ते."

पस्तीस माणसं आणि सत्तर-ऐंशी खुंट. परातवाला तसाच वाकलेला राहिला. मग न्हावी हसला, पाद्रीबाबा हसले, आणि एकेक करत सगळे पोट धरून हसू लागले, कारण दुसरं करण्यासारखं काय होतं? दोनच माणसं हसली नाहीत. इडवलचा चेहरा विझत चालला होता. दोन वर्षं. आणि बोली म्हणजे मोठ्या कंपन्या. टेग्वेन त्याच्याकडं बघत होती आणि तिला मासळीच्या दुकानावरची ती खिडकी दिसत होती. तिचा जीव तुटत होता.

"पुढं वाच," ती ऑर्विलला म्हणाली. "कागद संपलेला नाही अजून."

ऑर्विलनं पानं उलटली. कंटाळवाणी कलमं होती, एकामागून एक. दहाव्याशी त्याचा आवाज बदलला. गावच्या चुलीपुरता कोळसा काढायचा असेल तर कुणालाही दहा एकरांपर्यंत परवाना मिळेल, दोन वर्षांसाठी, सरकारला काही द्यावं लागणार नाही. मोजणीची वाट बघायची नाही, अर्ज करायचा.

आता मात्र पुन्हा कल्ला झाला. गस सगळ्यांच्या आधी बोलला. परवाना आपण मागतो, माणसं आपल्याकडं आहेत, तट्टू आपल्याकडं आहे, आणि पहा त्या कड्यावर केवढा कोळसा आहे. पाद्रीबाबा म्हणाले की दहाजणांनी दहा अर्ज केले तर वॉशिंग्टनवाले दहाही केराच्या टोपलीत टाकतील, तेव्हा इथंच गावसभा घ्या. गावसभा म्हणजे आमचं सगळ्यात मोठं न्यायालय. उभा असेल त्याचा एक हात, आणि हात मोजून ठरेल ते शेवटचं. कुणीतरी विचारलं की बायकांचा हात मोजायचा का. पाद्रीबाबांनी आठवण दिली की गेल्या वर्षीपासून या प्रदेशात कायद्यानंच बायकांना मत आहे.

टेग्वेन उठली. एका बुटावर लंगडत ती गसच्या कड्याशी गेली, एक काळी लादी उचलून आणली आणि शेकोटीत टाकली. मग स्वतःच्या थरातला तुकडा आणून शेजारी ठेवला. सगळं गाव वाकून बघू लागलं. लादी तडतडली, फुटली, आणि तिथंच काळीठिक्कर पडून राहिली. तुकड्यानं आधी धूर सोडला, मग पिवळी ज्योत धरली, मग असा लाल झाला की पुढचे लोक मागं सरकले.

"तो पाटीचा दगड आहे, गस," ती म्हणाली. "त्याच्यावर पोरं बाराखडी लिहितात."

हात मोजले. चौतीस तिच्या बाजूनं, विरुद्ध एक. गस चिडका होता पण खोटा नव्हता. त्यानं येऊन तिचा काळा हात दाबला आणि विचारलं की पहिलं पोतं गुत्त्याला मिळेल ना.

ऑर्विलनं अर्जासाठी पेन्सिल ओली केली. नाव काय घालायचं? टेग्वेन पटकन म्हणाली, इडवल प्रोथेरो. थर त्यानं शोधला, आठ वर्षं त्यानं राखला, हे सगळ्यांना माहीत आहे. खुंटावर तिनं स्वतःचं नाव घातलं ते रीत म्हणून, दुसरं काही नाही. बोलताना ती नवऱ्याकडं बघत नव्हती.

"खुंटावर आहे तेच नाव घाल," इडवल म्हणाला. "मी घरी बसलो होतो."

"इडवल..."

"रीत आहे, टेग. घाल रे ऑर्विल."

ऑर्विलनं तेच लिहिलं. मग इडवलनं हेन्निनेनच्या खांद्याचा आधार घेतला आणि उभा राहिला. आधार सोडला. पाय थरथरत होता, तरी दोन पावलं टाकून तो बायकोसमोर आला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. खाणीच्या गावात काम मागायला आलेला माणूस मॅनेजरच्या दारात असाच उभा राहतो. टेग्वेनचा बाप असाच उभा राहायचा, भाऊही.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "तुमच्याकडं काही काम आहे का?"

लोक हसले. वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. टेग्वेनही हसणारच होती, पण तिनं त्याचा चेहरा पाहिला. तो चेष्टा करत नव्हता. टोपीची कड त्याच्या बोटांत चुरगळत होती.

"गुडघा कसा आहे?" तिनं विचारलं.

"वाईट आहे."

"चांगला म्हणाला असतास तर परत पाठवला असता." तिनं काळा हात झग्याला पुसला. "परवाना येईल त्या दिवशी सकाळी सहाला ये. आत मी सांगेन तेवढंच जायचं, आणि टेकू लावल्याशिवाय एक फूटही पुढं नाही. जेवणाचा डबा मी देईन."

"आणि शनिवारची आगबोट?"

"ती जाईल की शनिवारी. तिला कोण अडवतंय?"

इडवलनं मान हलवली. त्याला टोपी पुन्हा डोक्यावर घालायची होती, पण हात वर गेलेच नाहीत. त्यानं ती टोपीच तोंडावर दाबून धरली आणि सगळ्या गावासमोर रडला.